दिवाळीच्या सुट्टीत काठमांडूच्या अनाथालयात स्वयंसेवक म्हणून जायचंय, माहिती हवी

अनघा_ठाणे

नमस्कार मंडळी,

गेल्या पौषात सासूबाई गेल्या, त्यामुळे यंदा आमच्याकडे सण नाही. फराळ नाही, कंदील नाही. घरात नुसतं बसून राहण्यापेक्षा मी आणि माझी मुलगी (१९ वर्षं, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष) नेपाळला जायचा विचार करतोय. काठमांडूतल्या एका अनाथालयात दोन आठवडे राहून काम करायचं. एका एजन्सीमार्फत सगळं ठरतंय. माणशी ४८ हजार, राहणं-जेवण धरून, विमानाचं वेगळं. साधारण तीस मुलं आहेत, चार ते चौदा वयाची. सकाळी इंग्रजी शिकवायचं, दुपारी खेळ आणि चित्रकला, आणि मुख्य म्हणजे तिथेही भाऊबीज असते, तर मुलगी सगळ्या मुलांना ओवाळणार. ती तर आत्तापासून राख्यांच्या उरलेल्या मण्यांची काहीबाही कलाकुसर करत बसलीय.

विचारायचं असं की मुलीकडे पासपोर्ट नाही, आधार चालेल का? थंडी किती असते? मुलांसाठी काय न्यावं, स्वेटर, वह्या की खेळणी? कुणी असं काम केलं असेल तर अनुभव जरूर सांगा.

शेखर_के

विमानानं जाणार असाल तर आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक लागतं. पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या पुढच्या लोकांना सवलत आहे, तुमची मुलगी त्यात बसत नाही. व्हिसा आपल्याला लागत नाही. भारतीय शंभराच्या नोटा जवळ ठेवा, त्या सगळीकडे घेतात. तिहारच्या, म्हणजे तिकडच्या दिवाळीच्या, सुमारास दिवसा छान ऊन असतं, संध्याकाळनंतर जाड स्वेटर हवा. अनाथालयाबद्दल मला माहिती नाही.

पायवाट

अनघाताई, सण नाही म्हणून लेकीला घेऊन कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं वाटणं फार चांगलं आहे. तरीही ह्या कार्यक्रमाला जाऊ नका असंच मी म्हणेन. का, ते जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची सांगलीची. समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी (एमएसडब्ल्यू) घेतल्यावर नेपाळात बरीच वर्षं काम केलं. काठमांडूच्या बालगृहांतल्या मुलांची घरं शोधून काढायची, हे आमचं काम. आणि घरं सापडत. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफनं जे निवेदन काढलं त्यात नेपाळच्या अनाथालयांत सुमारे १५ हजार मुलं असल्याचं आणि त्यातल्या निदान ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं म्हटलं होतं. दुसरी गोष्ट बघा. तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी पाचच जिल्ह्यांत देशातली ९० टक्के नोंदणीकृत बालगृहं होती. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचा कास्की आणि चितवन. म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथे. सगळ्यात गरीब जिल्हे पश्चिमेला कर्णालीच्या खोऱ्यात आहेत, तिथे अनाथालयं जवळपास नाहीत. अनाथ मुलं गरीब मुलखात जास्त असणार आणि अनाथालयं विमानतळाजवळ, असं का व्हावं?

त्याचं उत्तर बरंच मागे जातं. १९९६ ते २००६ तिथे माओवादी युद्ध चाललं. हुम्ला, जुम्ला, डोल्पा ह्या डोंगरी जिल्ह्यांत माओवादी पोरं उचलून नेतील ही धास्ती होती, शाळा बंद पडत होत्या. तेव्हा गावात ओळखीचाच, कधी नात्यातलाच माणूस यायचा आणि म्हणायचा, काठमांडूत बोर्डिंग शाळा आहे, पोरगं शिकेल, जिवंत राहील, एवढे पैसे द्या. आईबापांनी याक विकले, जमीन गहाण टाकली, पैसे दिले. पोरं काठमांडूत आली आणि कागदोपत्री अनाथ झाली. युद्ध संपलं तरी ही वाट बंद झाली नाही, कारण तोवर दुसऱ्या टोकाला तुमच्या-माझ्यासारखी माणसं पैसे घेऊन उभी राहिली होती.

एक प्रसंग सांगते. नेपाळगंजहून लहान विमानानं हुम्ल्यातल्या सिमिकोटला उतरायचं आणि पुढे पायी, तेव्हा तिकडे गाडीरस्ता नव्हता. एका गावात आम्ही दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाच्या घराचा पत्ता काढत गेलो. त्याच्या फाइलीत वडिलांच्या मृत्यूचा दाखला होता, सही-शिक्क्यासकट. घराच्या गच्चीवर एक माणूस फापर (कुट्टूचं धान्य) झोडपत होता. तेच वडील. माझ्या सहकाऱ्यानं दाखला वाचून दाखवला. ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "मी कशानं मेलो असं लिहिलंय?" आम्ही सांगितलं, आजारानं. ते आत गेले आणि तुळईच्या फटीतून प्लास्टिकची पिशवी काढून आणली. तिच्यात मुलाला घेऊन जाणाऱ्यानं हातानं लिहून दिलेली पैशाची पावती होती. चार वर्षं जपून ठेवलेली, घडीवर फाटायला आलेली. पोराचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. आम्ही नेलेला फोटो त्यांनी बायकोला द्यायच्या आधी अंगरख्याला हात पुसले.

त्या चार वर्षांत ह्या मुलाला भाऊबीजेला ओवाळणारे किती आले असतील! नेपाळात तिला भाइटीका म्हणतात. बहिणी भावांच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावतात, न कोमेजणाऱ्या मखमलीच्या फुलांची माळ घालतात, भावाभोवती तेलाची धार धरतात, उंबऱ्याशी अक्रोड फोडतात. त्या मुलाला दोन सख्ख्या बहिणी होत्या. त्या गावात, आणि हा काठमांडूत रांगेत बसून दरवर्षी नव्या ताईकडून टिळा लावून घ्यायचा, फोटोसाठी हसायचा.

त्याच्याही आधी दसरा येतो, तिकडचा दशैं. तेव्हा अख्खं काठमांडू रिकामं होतं. वडीलधाऱ्यांच्या हातून टीका (कपाळावरचा टिळा) आणि जमरा (जवाचे कोंब) घ्यायला माणूस कुठूनही गावी जातो. खऱ्या वसतिगृहांतली मुलंही जातात. तुमच्या एजन्सीला एवढंच विचारा की दशैंला ही मुलं कुठे होती. तीसच्या तीस मुलं तिथेच होती असं उत्तर आलं तर मला फार वाईट वाटेल, कारण इतक्या मुलांत एकालाही काका-मामा-आजी नाही असं सहसा होत नाही.

अनघा_ठाणे

वाचून सुन्न झाले. पण ताई, एक विचारू? रागावू नका. ही मुलं आत्ता तिथे आहेत ना? चूक कुणाचीही असो, मुलं तर तिथे आहेत. मग दोन आठवडे कुणी प्रेमानं जवळ घेतलं, दोन अक्षरं शिकवली, तर त्यात त्यांचं नुकसान काय? एजन्सीनं व्हिडिओ पाठवलाय, त्यात मुलं अक्षरशः धावत येऊन पाहुण्यांच्या गळ्यात पडतात. आणि आम्ही नाही गेलो तर ते पैसेही जाणार नाहीत, मग त्यांना जेवायला काय मिळणार?

पायवाट

रागवायचं काय त्यात, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

त्या धावत येण्यापासूनच सुरुवात करते. तुमची मुलगी चार वर्षांची असताना घरात अनोळखी माणूस आला तर काय करायची? तुमच्या मागे लपली असेल. निरोगी वाढणारं मूल आधी आपल्या माणसाला घट्ट धरतं आणि तिथून परक्याकडे बघतं. जे मूल कुणाच्याही मांडीवर चढतं, पहिल्या पाच मिनिटांत "मला सोडून जाऊ नको" म्हणतं, त्याला धरायला आपलं असं माणूस राहिलेलं नसतं. रुमानियात २००० साली बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांवर मोठा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना पालक-कुटुंबात ठेवलं, निम्मी होती तिथे राहिली. कुटुंबात गेलेली मुलं, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेली, बुद्धीनं आणि मनानं पुष्कळ सावरली. मुलाला रोज तेच माणूस लागतं. दर पंधरा दिवसांनी येणारं नवं माणूस कितीही प्रेमळ असलं तरी त्याचं जाणं मुलाला पुन्हा सोसावं लागतं. तुमच्या आधी दसऱ्याची तुकडी येऊन गेली असेल, तुमच्यानंतर नाताळची येईल.

शिकवण्याचंही तेच. मी एका घरात एका मुलीच्या वह्या चाळल्या होत्या. रंगांची इंग्रजी नावं, शरीराचे अवयव, पुन्हा रंगांची नावं, पुन्हा अवयव. दर तुकडी पहिल्यापासून सुरू करते, कारण मागच्यांनी काय घेतलं ते कुणी लिहून ठेवत नाही. ती मुलगी पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून दर वेळी नव्यानं शिकल्यासारखं करायची. सातवीत होती आणि तिला अपूर्णांक येत नव्हते.

आता पैशाचं. तुमचे ९६ हजार मुलांच्या ताटात जातील असं तुम्ही धरून चालला आहात. त्यातला मोठा भाग एजन्सीकडे राहतो. उरलेला जातो तो मुलं दाखवण्यासाठी जातो. मुलं जितकी केविलवाणी तितकी मदत जास्त, म्हणून काही ठिकाणी त्यांना मुद्दाम नीट कपडे देत नाहीत, पाहुण्यांनी आणलेल्या वह्या आणि दप्तरं सीलबंदच दुकानात परत जातात. सगळीकडे असं चालतं असं मी म्हणत नाही. खरोखर कुणी नसलेल्या मुलांना जीव लावून सांभाळणारी माणसं मी तिथे पाहिलीत, त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण अशी माणसं दोन आठवड्यांच्या पाहुण्याला मुलांच्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. तुम्ही मुलांना भेटायचं म्हटलं की ती आधी तुमची चौकशी करतात, पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात आणि बहुतेक वेळा नाही म्हणतात. तुमच्याकडे काय मागितलं? पैसे भरल्याची पावती आणि टीशर्टचं माप, इतकंच ना? जिथे तुम्हाला कुणी अडवत नाही तिथे वाईट हेतूनं आलेल्या माणसालाही कुणी अडवत नाही. ह्यावर कृपा करून विचार करा. मला रात्री झोप न लागू देणारी गोष्ट ही होती.

भूकंपानंतर नेपाळ सरकारनं आईबाप किंवा मान्यताप्राप्त पालक बरोबर नसताना मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी केली, नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. पुढे २०१८ च्या बालकायद्यानं संस्था हा शेवटचा पर्याय ठरवला. तिथलीच माणसं हे सगळं मोडून काढायला झटतायत. आपण बाहेरून जाऊन त्याच दुकानाला गिऱ्हाईक होऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

मेलबर्नकर

पायवाट ह्यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे शाळा-कॉलेजांच्या सहली डिसेंबरात कंबोडियाला जायच्या, सिएम रीपला मंदिरं बघायची आणि एक दिवस अनाथालय. कंबोडियात २००५ ते २०१० ह्या काळात अनाथालयं ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यातल्या चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. तिथल्या एका बालसंस्थेनं 'मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे' अशी मोहीम २०११ मध्येच चालवली होती. मग ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीनं डिसेंबर २०१७ च्या अहवालात अनाथालयांसाठी मुलं जमवण्याचा प्रश्न आधुनिक गुलामगिरीत धरला, आणि सरकारच लोकांना सांगू लागलं की थोड्या दिवसांसाठी अनाथालयात कामाला जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही डिसेंबर २०१९ च्या ठरावात ह्या स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख केला. माझ्या मुलाच्या शाळेनं ती भेट सहलीतून काढली तेव्हा पालकांत बरीच कुरबुर झाली होती. आता कुणी नावही काढत नाही.

नाशिक_सुलभा

थोडं आपल्याकडचं सांगते, कारण मुळाशी कारण एकच आहे. बाप गेला, आईची कमाई पुरत नाही, मग मूल 'संस्थेत टाकायचं'. महाराष्ट्रात अशा मुलांना घरीच ठेवता यावं म्हणून बालसंगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांच्या नावाची. मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. पण कागदांवाचून अडतं. वडिलांचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं खातं. धुणीभांडी करणाऱ्या बाईनं रोज बुडवून तीन-तीन कचेऱ्यांत खेटे कसे घालायचे? अनघाताई, तुमच्याच घरी कामाला येणाऱ्या बाईंना विचारून बघा, त्यांच्या वस्तीत एखादी तरी निघेलच. तुमची मुलगी अर्ज भरून देऊ शकते, आईबरोबर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊ शकते. आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोरीनं दोघी विधवांचे अर्ज असे मार्गी लावले. त्यातल्या एकीनं आश्रमात ठेवलेला धाकटा घरी परत आणलाय.

अनघा_ठाणे

सगळ्यांचे आभार. एजन्सीला फोन केला. दशैंचं विचारलं तर म्हणाले, "मुलं कुठे जाणार मॅडम, त्यांना कोणी नाही." मी विचारलं, तुम्ही कुणी शोधलं का? त्यावर विषय बदलला आणि आज बुकिंग केलंत तर पाच हजार कमी करतो म्हणाले. चारित्र्य दाखला लागत नाही, ओळखपत्र पुरे. नको म्हणून सांगितलं. आगाऊ भरलेले पैसे बहुतेक जातील.

मुलगी खूप रडली. मग पायवाट ह्यांचा प्रतिसाद तिनं स्वतः पुन्हा वाचला. सुलभाताई, आमच्या कामाच्या मावशींच्या शेजारची एक बाई आहे, नवरा करोनात गेला, दोन मुलं. तिचं मृत्यूच्या दाखल्यावरच अडलंय म्हणे, नावात चूक आहे. ते काम मुलगी उद्यापासून हातात घेतेय.

सुट्टीत नेपाळला नुसतं फिरायला गेलो तर? तेही चूक नाही ना?

पायवाट

चूक कसली! जरूर जा. नावातली चूक दुरुस्त करायला महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात अर्ज करावा लागतो, तो निघायच्या आधी टाकून जा म्हणजे परत येईपर्यंत पुढे सरकेल.

तिहारात काठमांडूचं खोरं फार सुंदर असतं. पहिल्या दिवशी कावळ्यांना, दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना घास. रस्त्यावरच्या कुत्र्याच्यासुद्धा गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर टिळा. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी नेवार (खोऱ्यातले मूळचे रहिवासी) घरांत म्हपूजा होते, स्वतःच्या देहाची पूजा. कुणी ओळखीचं निघालं तर बघायला जा. भक्तपूरला एक रात्र राहा, पाटणच्या (म्हणजे ललितपूरच्या) चौकात सकाळी लवकर जा. कुटुंबानं चालवलेल्या घरगुती ठिकाणी उतरा, जेवा, विणलेलं-घडवलेलं काही घ्या. त्यातून जे पैसे जातात ते पोरं घरी ठेवणाऱ्या आईबापांच्या हातात जातात. वाटाड्या किंवा टॅक्सीवाला "चला, अनाथ मुलं दाखवतो" म्हणाला तर गाडीतून उतरूच नका. कुठे मुलांचे हाल दिसले तर तिथेही बालमदतीचा नंबर १०९८ च आहे.

आणि शेखररावांनी सांगितलंय ते मनावर घ्या. मुलगी १९ ची आहे, मतदार ओळखपत्र काढलंय का तिचं? नसेल तर आजच अर्ज भरा, कार्ड घरी यायला आठवडे लागतात.